आंब्याच्या छाटणीसाठी चेनसॉ: एमएस २५० घ्यावी की २५१?

राजापूरचा_बागायतदार

नमस्कार मंडळी. थोडा सविस्तर प्रश्न आहे, सांभाळून घ्या.

राजापूर तालुक्यात आमची साठ-पासष्ट हापूसची कलमं आहेत. वडिलांच्या हातची, चाळीस-पंचेचाळीस वर्षांची. आता इतकी उंच गेलीत की फवारणी शेंड्यापर्यंत पोचत नाही, वरचा आंबा झेल्याने काढायलाही माणूस मिळत नाही. कृषी विद्यापीठाने सांगितलेली पुनरुज्जीवनाची छाटणी करायची ठरवली आहे. दरवर्षी बारा-पंधरा झाडं, म्हणजे बाग एकदम रिकामी होणार नाही आणि उत्पन्नही थोडं चालू राहील.

आजवर कटरवाल्याला (चेनसॉ चालवणाऱ्याला) रोजावर बोलवायचो. पण पाऊस ओसरला की सगळ्यांचीच कामं निघतात आणि तो दिवाळीनंतर उगवतो. म्हणून स्वतःचं मशीन घ्यायचं आहे.

दुकानात श्टीलची दोन मॉडेलं दाखवली. एमएस २५०: ४५.४ सीसी, २.३ किलोवॉट, ४.६ किलो. एमएस २५१: ४५.६ सीसी, २.२ किलोवॉट, ४.९ किलो. २५१ महाग. आता मला सांगा, जे मशीन वजनाला जास्त आणि ताकदीला कमी, त्याला जास्त पैसे का मोजायचे? दुकानदार म्हणाला, "ते नवीन टेक्नॉलॉजीचं आहे." त्यापुढे त्यालाही सांगता येईना.

शेजारच्या वाडीतल्या एकाने ५८ सीसीचं, कंपनीचं नावगाव नसलेलं मशीन साडेसात हजारांत आणलंय. तो म्हणतो, दोन्ही सोडा, हेच घ्या, सीसी बघा किती!

कापायच्या फांद्या सहा ते बारा इंची. शिवाय वादळवाऱ्यात पडलेला फणस, ऐन, कधीतरी माड. अनुभवी लोकांनी सांगावं.

सह्यकडा

वाचतोय. मलाही घ्यायची आहे.

मिस्त्री_चिपळूण

इंजिनं दुरुस्त करणं हाच माझा धंदा, म्हणून लिहितो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर धुरात आहे.

साध्या टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन खाली आला की जळालेला धूर बाहेर जायचं दार आणि ताजं मिश्रण आत यायचं दार, दोन्ही काही क्षण एकाच वेळी उघडी असतात. धूर बाहेर ढकलायचं काम ताजं मिश्रणच करतं, आणि ते करताना त्यातलं बरंच पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. चेनसॉवाल्याच्या कपड्यांना कच्च्या पेट्रोलचा वास येतो तो यामुळे. २५१ मध्ये आधी नुसत्या हवेचा एक थर आत येतो. तो धुराला बाहेर ढकलतो आणि मिश्रण त्याच्या मागून येतं. म्हणजे वाया जाते ती हवा, पेट्रोल नाही. कंपनी २० टक्क्यांपर्यंत इंधन बचत सांगते.

दुसरा फरक हँडलचा. २५० मध्ये इंजिन आणि हँडल यांच्यामध्ये रबरी बुश आहेत, २५१ मध्ये स्प्रिंगा. वजन वाढलं ते अशाच गोष्टींनी. तेव्हा महाग आहे ते उगाच नाही. पण तुम्हाला त्याची गरज आहे का, हा प्रश्न वेगळा.

हिशेबी_जोशी

मिस्त्री, सुंदर समजावलंत. आता आकडेमोड करू.

राजापूरकर वर्षाला फार तर वीस दिवस मशीन चालवतील. दिवसाला दोन लिटर धरा, झाले चाळीस लिटर. वीस टक्के पूर्ण मिळाले तरी आठ लिटर वाचले. वर्षाला आठशे-साडेआठशे रुपये. किमतीतला फरक भरून यायला कित्येक वर्षं जातील.

याउलट रोज लाकूड कापणारा ठेकेदार. दिवसाला पाच लिटर, वर्षाचे दीडशे दिवस, म्हणजे साडेसातशे लिटर. त्याचे दीडशे लिटर वाचतात. पेट्रोल शंभराच्या वर आहे, त्यामुळे वर्षाला पंधरा हजारांहून जास्त. त्याने डोळे मिटून २५१ घ्यावी.

वजनाचंही बघा. एका किलोवॉटमागे किती किलो उचलावे लागतात? २५० ला बरोबर दोन किलो. २५१ ला सव्वादोन. छोट्या १८० ला (१.४ किलोवॉट, ४.१ किलो) जवळजवळ तीन! आणि मोठ्या ३८२ ला (३.९ किलोवॉट, ६.२ किलो) फक्त १.६. माझं मत २५०.

सागवान

जोशीबुवा, या हिशेबाने तर ३८२ सगळ्यात हलकी ठरली! ती घेऊन आंब्यावर चढून दाखवा एकदा. :-) किलोला किलोवॉट हा हिशेब जमिनीवर पडलेल्या ओंडक्यासाठी ठीक. खांद्याच्या उंचीवर फांदी कापताना हाताला भार कळतो तो सबंध मशीनचा.

हिशेबी_जोशी

मान्य. तो मुद्दा माझ्याकडून सुटला.

बाव_नदीकाठ

आणि छापील वजनावर जाऊच नका. ते बार (चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी), चेन आणि पेट्रोल सोडून असतं. आंबा मोजायच्या काट्यावर मी माझी २५० ठेवली होती. अठरा इंची बार, चेन, दोन्ही टाक्या भरलेल्या: सहा किलो तीनशे ग्रॅम! छापलेल्या ४.६ च्या मानाने पावणेदोन किलो जास्त. २५० आणि २५१ मधल्या तीनशे ग्रॅमची चर्चा चाललीय. अठराच्या जागी सोळा इंची बार लावलात तर त्यातले थोडे तिथेच वाचतील, आणि मुख्य म्हणजे पुढचा भार कमी होतो. बार लांब असला की मशीन नाकावर झुकतं आणि मनगट दिवसभर ते सावरत बसतं.

बारा इंची फांदीला सोळाचा बार भरपूर झाला. मोठा बुंधा आलाच तर दोन्ही बाजूंनी कापता येतो.

मालवणी_माणूस

आमच्याकडे १८० आसा, आठ वर्सां झाली. माका काय्येक त्रास नाय. मोठा मशीन घेतलास म्हणान लाकूड बेगीन कापता असा नाय. धार व्हयी, धार!

सह्यकडा

पण आठ वर्षं १८० वर माड कापलेत का?

मालवणी_माणूस

कापलंय. वेळ लागता. माडाचो भायलो भाग हाडासारखो, चेन लगेच बोथट जाता. तेका २५० काय आणि ३८२ काय, दर माडाक कानस मारूकच व्हयी.

वाडीतला_नाना

५८ सीसीवाल्यांना नावं ठेवण्याआधी माझंही ऐका. माझ्याकडे तसलंच आहे, पाचवं वर्ष चालू. जळणाची लाकडं, काजूची छाटणी, पडझड, सगळं त्यावर. दोनदा कार्बोरेटर बदलला, तो पाचशे-सहाशेत मिळतो. स्टार्टर एकदा. पार्ट कुठल्याही बाजारात मिळतात. शेतकऱ्याकडे तीस-पस्तीस हजार एकदम नसतात, हेही समजून घ्या. वर्षाला आठ दिवस काम असेल तर इतके पैसे अडकवून काय उपयोग?

मिस्त्री_चिपळूण

नाना, तुमचं म्हणणं रास्त आहे आणि नीट राखलंत म्हणून चाललं. पण सीसीवर जाऊ नका, एवढं सगळ्यांना सांगतो. असलंच एक ५८ सीसीचं मशीन माझ्याकडे पिस्टन जाम होऊन आलं होतं. सिलिंडर काढून व्हर्नियरने मोजला. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ४५.२ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३४. व्यासावरून वर्तुळाचं क्षेत्रफळ काढा, त्याला स्ट्रोकने गुणा: साडेचोपन्न सीसी. स्टिकरवर ५८! उरलेले साडेतीन सीसी त्या स्टिकरमध्येच.

खरी गोष्ट अशी की साडेचोपन्न सीसीही कमी नाहीत. पण त्यातून ताकद किती निघते ते पोर्ट, कार्बोरेटर आणि कॉम्प्रेशनवर ठरतं. सीसी म्हणजे पातेलं किती मोठं ते. भात किती शिजला ते किलोवॉटवरून बघा. आणि तो आकडा एचपीत दिला असेल तर एक किलोवॉट म्हणजे साधारण १.३४ एचपी, असं करून घ्या.

शिवाय नानांनाच विचारतो, तुमच्या मशीनचा चेन ब्रेक चालतो का? हाताने पुढे ढकलून बघा, चेन जागच्या जागी थांबते का?

वाडीतला_नाना

आत्ता मागच्या पडवीत जाऊन बघून आलो. लागत नाही. आतली पट्टी झिजलीय बहुतेक.

मिस्त्री_चिपळूण

तो दुरुस्त होईपर्यंत मशीन हातात धरू नका, नाना. विनंती आहे.

दापोलीची_वृंदा

या ब्रेकवरूनच मला लिहावंसं वाटलं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीत एकही पोफळ सरळ उभी राहिली नाही. माड, आंबे, फणस, सगळं आडवं. रस्ते बंद, महिनाभर वीज नाही. मिळेल ते मशीन घेऊन जो तो कापत सुटला. आयुष्यात कधी करवत न धरलेली पोरंसुद्धा.

आमच्या मागच्या परसात मुळासकट पडलेला फणस होता. मुळांची ढेप उभी, पुरुषभर उंच, खाली खड्डा. माझा चुलतभाऊ बुंधा कापत होता. कापणं पुरं झालं, शेंड्याचा भार सुटला आणि ती अख्खी ढेप बुंध्याच्या खुंटासकट मागे फिरून दाणकन खड्ड्यात बसली. पाच मिनिटांपूर्वी शेजारची दोन मुलं त्याच खड्ड्यात उतरून फणस गोळा करत होती. आईने त्यांना चहाला हाक मारली म्हणून ती वर आली होती. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

पडलेलं झाड मेलेलं नसतं हो. त्याच्यात ताण भरलेला असतो. वाकलेली फांदी कापताना ती कुठल्या बाजूला उसळेल हे आधी बघा. ढेपेमागे कुणी नाही याची खात्री करा. मॉडेल कुठलंही घ्या, पण हे आधी शिकून घ्या.

सह्यकडा

वृंदाताई, अंगावर काटा आला.

हुस्कवर्ना_निवासी

मी स्वीडनमध्ये, योनशोपिंगजवळ राहतो. हुस्कवर्ना हे इथलं गाव, त्याच नावाची चेनसॉ कंपनी १६८९ साली बंदुकांचा कारखाना म्हणून सुरू झाली आणि १९५९ मध्ये पहिली चेनसॉ काढली. इथे कामावर चेनसॉ चालवायची तर प्रशिक्षणाचा दाखला लागतो. मी हौसेने तो कोर्स केला. पहिला पूर्ण दिवस मशीन सुरूच करू दिलं नाही!

वृंदाताईंनी सांगितलं त्यात आणखी एक भर. बारच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला कधीही टेकवायचा नाही. तिथे दात अडकला की चेनचा वेग सगळं मशीन उलटं फिरवतो आणि बार थेट तोंडाकडे येतो. डोळ्याची पापणी लवायच्या आत. चेन ब्रेक असतो तो यासाठी. फांद्यांच्या जाळीत काम करताना मागची एखादी फांदी दिसत नाही आणि टोक तिला लागतं, म्हणजे छाटणीत हा धोका जास्तच. डावा अंगठा पुढच्या हँडलखालून घ्या, बोटांच्या रांगेत वर ठेवू नका. आणि मशीन खांद्याच्या वर उचलून कापू नका.

इथे सगळे चेनसॉची पँट घालतात. आत लांब धागे असतात. चेन लागली की ते ओढले जाऊन स्प्रॉकेटमध्ये (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात) गुंडाळतात आणि मशीन बंद पडतं. कोकणच्या घामात ती घालणं अवघड आहे, पण पुढून बांधायचे ॲप्रनसारखे प्रकार मिळतात. मशीनच्या बजेटमध्ये तेही धरा.

राजापूरचा_बागायतदार

सगळ्यांचे मनापासून आभार. वृंदाताई, तुमचा प्रतिसाद घरी मोठ्याने वाचून दाखवला.

मग २५०, सोळा इंची बार, असं म्हणावं का?

शेतीची_डायरी

थांबा जरा. एक विचारते. मशीन चालवणार कोण?

राजापूरचा_बागायतदार

मी थोडंफार. मुख्य चंदूदादा. आमच्याकडे पंचवीस वर्षं आहेत, वय पंचावन्नच्या आसपास. आधी दुसऱ्यांकडेही कटरची कामं करायचे, हात बसलेला आहे.

शेतीची_डायरी

मग चंदूदादांना विचारलंत का?

माझ्या बाबांनी आमच्या गड्यासाठी एकदा कोयता आणला, महागातला, सुंदर. त्याने वर्षभर वापरला नाही, मूठ त्याच्या हाताला मोठी होती. कोयता तीनशेचा होता म्हणून चाललं. दिवसाचे सहा तास ज्याच्या हातात ते मशीन असणार, त्याच्या हाताचं मत हवं.

फिजिओ_सातारा

शेतीची डायरी, मनातलं बोललात.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वर्षानुवर्षं कटर किंवा ब्रेकर चालवलेल्या माणसांची बोटं तपासते. आधी मुंग्या येतात, मग गारठ्यात बोटांची टोकं पांढरीफटक पडतात, मग शर्टाचं बटण लावता येत नाही. रक्तवाहिन्या आणि नसा, दोन्हींवर कंपनाचा परिणाम होतो, आणि गेलेली संवेदना पूर्ण परत येतेच असं नाही. युरोपात यासाठी २००२ चा नियम आहे: आठ तासांच्या सरासरीने कंपन २.५ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर गेलं की मालकाला उपाय करावे लागतात आणि ५ च्या वर जाऊच द्यायचं नाही. आपल्याकडे असं कुणी मोजत नाही, म्हणून आपणच विचारायला हवं.

चंदूदादांना एवढंच विचारा: काम झाल्यावर रात्री बोटांना मुंग्या येतात का? सकाळी गार पाण्यात हात घातल्यावर बोटं पांढरी पडतात का? उत्तर हो असेल तर मिस्त्रींनी सांगितलेल्या त्या स्प्रिंगांचे तीनशे ग्रॅम सोन्याचे समजा.

बाव_नदीकाठ

हा विचारच माझ्या डोक्यात आला नव्हता. माझ्याही मशीनवर गडीच असतो. आज संध्याकाळी विचारतो.

लाकूडफोड्या_१

अवांतर आहे, पण चेनवर कुणी बोललंच नाही, म्हणून लिहितो. माझ्या मते तुमची निम्मी ताकद इंजिनात असते आणि निम्मी चेनमध्ये.

पूर्वी चेनसॉच्या चेनला करवतीसारखे सरळ दात असायचे. सारखी धार लावावी लागे. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या एका खोडात अळी बघत बसला. ती अळी ओल्या लाकडातून, उभी-आडवी, वाटेल तशी आरामात पोखरत जात होती. तिचे दोन जबडे इंग्रजी सी अक्षरासारखे वळलेले, एक डावीकडून एक उजवीकडून लाकूड खरवडत होता. त्याने तसेच वळलेले दात करून चेनला आलटून-पालटून डावे-उजवे लावले, आणि १९४७ मध्ये ती चेन विकायला काढली. आजची जवळजवळ प्रत्येक चेन त्याच धर्तीची. म्हणजे आंब्याच्या भिरुडाची कुणी लांबची मावसबहीणच म्हणा! ज्या किड्याने आपल्या बागा पोखरल्या, त्याच्या जातीच्या तोंडावरून आपण बागेतलं हत्यार केलं, हे मला फार विलक्षण वाटतं.

आता कामाचं. दात वळलेला आहे म्हणून कानस गोल हवी, आणि मापाचीच हवी. २५० आणि २५१ वर बहुतेक .३२५ पिचची (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधलं अंतर, इंचात) चेन येते, तिला ४.८ मिलिमीटर. १८० वर ३/८ लो प्रोफाइल (बुटक्या दातांची) असते, तिला ४. कोन तीस अंश, प्रत्येक दाताला सारखेच फटके, आतून बाहेर. पाच-सहा वेळा घासल्यावर दातापुढची बुटकी ठोकळी चपट्या कानशीने उतरवा, नाहीतर दात लाकडाला टेकतच नाही.

धार आहे की नाही हे ओळखायला मशीनकडे बघायचंच नाही, खाली बघायचं. जाडसर कीस पडतोय तर धार आहे. पीठ पडायला लागलं की थांबा. पीठ पडत असताना जो जोर लावतो तो पेट्रोल, बार आणि खांदा, तिन्ही घालवतो. धारदार १८० बोथट ३८२ च्या पुढे जाते, मालवणी माणसाचं म्हणणं शंभर टक्के खरं.

मालवणी_माणूस

देव बरे करो!

पुण्याचा_फार्महाऊसवाला

बॅटरीवाल्या चेनसॉचं काय? माझ्याकडे मुळशीला आहे. दोरी ओढणं नाही, धूर नाही, टू-टी ऑइल नाही, शेजाऱ्याची झोपमोड नाही.

सागवान

चार-सहा इंची फांद्यांना उत्तम. माझ्या बहिणीकडे आहे, ती स्वतः सगळी छाटणी करते. पण बारा इंची आंब्याला लागलात की बॅटरी बघता बघता उतरते, आणि कोकणात लाइट कधी जाईल याचा नेम नाही. दोन-तीन बॅटऱ्या घेतल्या तर किंमत पेट्रोल मशीनच्या पुढे. राजापूरकरांच्या कामाला मुख्य मशीन म्हणून नको, जोडीला चालेल.

मिस्त्री_चिपळूण

पेट्रोलवरून एक महत्त्वाचं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि आपल्याकडे ओलीला काय तोटा! छाटणी संपली की लोक टाकी तशीच भरलेली ठेवून मशीन माळ्यावर टाकतात. पुढच्या हंगामात खाली पाणी, वर पेट्रोल, आणि कार्बोरेटरमधला रबरी पडदा कडक झालेला. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या बऱ्याच मशीनचं दुखणं हेच.

म्हणून मिश्रण लागेल तेवढंच करा. पाच लिटरला शंभर मिली चांगलं टू-टी ऑइल. काम संपलं की टाकी रिकामी करा, मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. आणि चेनच्या टाकीत ट्रॅक्टरचं जळकं ऑइल घालू नका. त्यातल्या बारीक कणांनी पंप चोंदतो, बारची खाच झिजते, आणि छाटणी करताना ते सगळं आंब्याच्या ताज्या कापावर उडतं.

दापोलीची_वृंदा

कापावरून आठवलं. मोठी फांदी आधी खालून थोडी कापा, मग वरून. नाहीतर फांदी स्वतःच्या भाराने तुटते आणि बुंध्याची साल फाडत खाली येते. मग शेवटचा काप स्वच्छ, थोडा उतरता, म्हणजे पाणी साचत नाही. लगेच बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप). आणि पुढचं वर्षभर भिरुडावर लक्ष ठेवा, कापलेल्या झाडावर तो हटकून येतो. खोडाखाली भुसा दिसला की समजायचं.

कायदेपंडित_रत्नागिरी

आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ, खैर ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाच्या अनुसूचीत येतात. स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी तोडायला परवानगी लागते. तुमची छाटणी आहे, तोड नव्हे, तरी मोठ्या फांद्या उतरवून लाकूड गाडीत भरण्याआधी वनखात्याकडे विचारून घ्या. रस्त्यात गाडी अडवली की मशीन कुठलं होतं हे कुणी विचारत नाही.

राजापूरचा_बागायतदार

मंडळी, अकरा दिवसांनी येतोय.

शेतीची डायरी, तुम्ही विचारलंत त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. सकाळी चंदूदादांना चहाला बसवलं आणि फिजिओताईंचे दोन्ही प्रश्न विचारले. आधी "काय नाय, काय नाय" म्हणाले. मग हळूच सांगितलं की दोन वर्षांपासून थंडीत उजव्या हाताची मधली दोन बोटं सकाळी "मेलेली" असतात. विडी पेटवताना काडी बोटात आहे की पडली ते कळत नाही. पंचवीस वर्षं एकत्र काम करतोय आणि मला हे माहीत नव्हतं.

परवा त्यांना घेऊनच दुकानात गेलो. दोन्ही मशीनला सोळा इंची बार लावायला सांगितला, दोन्ही टाक्या भरायला लावल्या. दुकानदार थोडा वैतागला, पण त्याने केलं. मागच्या अंगणात बाभळीचा ओंडका होता. दादांनी आधी २५० ने तीन खापा काढल्या, मग २५१ ने तीन. मी घड्याळ लावून बघत होतो. वेळेत मला काही फरक दिसला नाही. ०.१ किलोवॉटसाठी मी पंधरा दिवस डोकं खाजवत होतो!

दादांनी २५१ खाली ठेवली, हाताच्या मुठी दोन-तीनदा उघडून मिटल्या आणि म्हणाले, "हिचा हात गप आहे." बस. तीच घेतली. वजन जास्त लागतंय का विचारलं, तर म्हणाले, जड आहे पण हातात नाचत नाही.

जोशीबुवांचा हिशेब बरोबरच आहे, पेट्रोलमध्ये माझे पैसे वसूल होणार नाहीत. तो विचार सोडून दिला. दादांना साताऱ्याला दाखवायचंय, फिजिओताई, तुम्हाला निरोप पाठवतो.

झाडावरच्या बारीक कामासाठी आधीची करवतच वापरू. मचाण बांधून घेतलंय, शिडीवर उभं राहून मशीन चालवायचं नाही असं ठरवलं आहे. कालपासून दोन झाडं झाली. एका दिवशी एकच झाड आणि दर टाकीनंतर दहा मिनिटं विश्रांती.

एक शंका. दुकानदाराने सोबत कानस दिलीय ती ५.२ ची आहे. चालेल का?

फिजिओ_सातारा

नक्की घेऊन या त्यांना. आणि तोवर विडी बंद करायला सांगा, बोटांच्या रक्तवाहिन्या तिनेही आवळतात.

लाकूडफोड्या_१

नाही चालणार. चेन .३२५ असेल तर ४.८ च हवी. बारच्या बुडाशी आकडा कोरलेला असतो तो बघा आणि कानस आजच बदलून आणा.

वाडीतला_नाना

चेन ब्रेकची पट्टी बदलून आणली. ढकलला की थांबते आता चेन. मिस्त्री, आभार.